परत आलेली दप्तरं

दुपारच्या चहाच्या आधी दोन माणसं आमच्या शेडमध्ये शिरली आणि भिंती मोजायला लागली.

एकाच्या हातात लाल ठिपका पाडणारं मीटर होतं. तो ठिपका खिडकीवर गेला, कपाटावर गेला, एकदा सुमनबाईंच्या पाठीवर पडला. दुसरा माणूस मोबाईलमध्ये आकडे टाकत होता. शिलाईच्या मशिनी चालू होत्या, पण आवाज कमी कमी होत गेला. एकेकाचा पाय पॅडलवरून निघत होता.

"मॅडम, हे कोन हायेत?" सुमनबाईंनी विचारलं. त्या पिंगळीहून रोज सकाळच्या गाडीने येतात आणि शेडमध्ये काय चाललंय हे माझ्याआधी त्यांना कळतं. त्या दिवशी त्यांनाही कळलं नव्हतं.

मी मीटरवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "गोडाऊनसाठी जागा बघायलोत. मालकाला माहिती हाय."

आमचा कारखाना शाळेच्या दप्तरांचा. परभणीच्या एमआयडीसीतली एक शेड, दहा-बारा माणसं, त्यात अर्ध्याहून जास्त बायका. मी प्रॉडक्शन बघते. म्हणजे कापड किती कापायचं, कुणाला कुठल्या मशिनीवर बसवायचं, माल नीट निघतोय का, वेळेवर जातोय का, हे सगळं माझ्याकडे. गारमेंटचा डिप्लोमा करून इथे लागले तेव्हा वाटलं होतं, थोडा अनुभव घेऊन पुण्याला जावं. ते राहून गेलं आणि त्याचं वाईटही वाटत नाही.

मालक म्हणजे अप्पा. जुन्या लिंगायत व्यापारी घरातले. वडिलांचं कापडाचं दुकान होतं, अप्पांनी त्यातून हा कारखाना काढला. मी त्यांच्या केबिनमध्ये गेले.

"अप्पा, शेड कशाला मोजायलेत?"

त्यांनी खुर्चीकडे हात केला. "बसा."

अप्पा मला बसा म्हणाले की बातमी चांगली नसते. चांगली बातमी ते उभ्या उभ्या सांगतात.

गेल्या दिवाळीच्या आधी जिंतूर रोडला एक मोठं डिस्काउंट मार्ट उघडलं होतं. किराणा, कपडे, भांडी, प्लॅस्टिक, सगळं एका छताखाली आणि बाजारापेक्षा स्वस्त. त्यांना माल ठेवायला गोडाऊन हवं होतं. आमची शेड रस्त्याला लागून. पुढे ट्रक वळेल एवढी जागा. त्यांनी अप्पांना भाडं सांगितलं होतं आणि ते चांगलं होतं.

"मॅडम, गोडाऊन दिवाळीला बोनस मागत न्हाई," अप्पा म्हणाले. "गोडाऊनची सुई मोडत न्हाई. गोडाऊन असलं की ऑर्डर आली का न्हाई म्हणून झोप उडत न्हाई."

"आणि माणसं?"

अप्पा गळ्यातल्या लिंगाच्या चांदीच्या डबीवरून बोट फिरवत बसले. मग म्हणाले, "तेच म्हणून तुमाला बसवलं. तुमी सांगा त्यांना. माझ्यानं बोलणं व्हायचं न्हाई."

"माझ्यानंही व्हायचं नाही, अप्पा."

"मग कोन सांगणार?"

मी म्हटलं, "शाळा उघडून सीझन संपेपर्यंत थांबा. तोवर काही जमलं नाही तर मी सांगते."

अप्पा थांबले. त्यांनाही थांबायचंच होतं असं मला वाटतं. कुणीतरी म्हणायला हवं होतं एवढंच.

आता अडचण काय होती ते सांगते. दप्तराचा धंदा वर्षातून एकदा पिकतो. थंडीत कापड घ्यायचं, उन्हाळाभर शिवायचं, जूनमध्ये विकायचं. जिंतूर, पूर्णा, सेलू, गंगाखेड इथले दुकानदार होळीच्या आसपास ऑर्डर देतात. यंदा होळी झाली, पाडवा झाला, फोन वाजला नाही. मीच फोन करत सुटले. जिंतूरला आमचे एक जुने शेठजी आहेत. माल उधारीवर घेत नाहीत आणि उगाच गोडही बोलत नाहीत. त्यांनी मला दुकानात बोलावून सरळ सांगितलं.

"तुमच्या मालाला नाव ठेवायला जागा न्हाई, मॅडम. पण गिऱ्हाईक येतंय, मोबाईलवर मार्टच्या बॅगचा फोटो दाखवतंय, आन् म्हणतंय ह्या भावात द्या. त्या भावात मला तुमच्याकडून मिळत बी न्हाई. मी कुठून देऊ?"

परत येताना मी मार्टमध्ये उतरले आणि तसली एक बॅग घेतली. निळी, चकचकीत, पुढे मोटारीचं चित्र. कारखान्यात आणून कटिंग टेबलावर ठेवली आणि तिचे सगळे टाके उसवले.

बॅग बाहेरच्या देशातून आलेली. कापड पातळ, पण आतून प्लॅस्टिकचा लेप दिलेला, त्यामुळे हाताला जाड लागतं. चेन बरी होती. चेनवर सरकतो तो तुकडा, ज्याला आम्ही रनर म्हणतो, तो मात्र हलका. आणि खांद्याचा पट्टा जिथे बॅगेला जोडतात तिथे एकच साधी शिलाई. आम्ही तिथे बारटॅक घालतो. बारटॅक म्हणजे एकाच जागी पुढे-मागे घातलेली दाट शिलाई. तिच्यासाठी वेगळं मशीन लागतं आणि तीच दप्तराचं ओझं पेलते.

ते सगळं खरं. पण त्या किमतीत आम्हाला नुसतं कापड आणि चेन मिळाली असती. शिवणारा माणूस फुकट बसवावा लागला असता.

रज्जाकभाई टेबलापाशी येऊन उभे राहिले. ते आमचे मास्टर, म्हणजे कटिंग आणि सॅम्पल त्यांच्याकडे. त्यांनी पट्टा हातात घेतला, ओढून पाहिला आणि ठेवून दिला.

"मॅडम, अशीच बॅग माझ्या घरी हाय," ते म्हणाले. "सून घेऊन आली नातवाला. मी काय बोलनार? बोलली, अब्बा, पोराला मोटारीचं चित्र आवडलं."

सुमनबाई मशिनीवरूनच म्हणाल्या, "आमी बी तेल-साखर तिथूनच आनतो. खोटं कशाला बोलायचं. स्वस्त हाय तर हाय."

कुणीच कुणाला दोष दिला नाही. मीही दर महिन्याचा साबण तिथूनच आणत होते.

मग आम्ही पहिला उपाय केला, आणि तो चुकला. मी ठरवलं, आपणही स्वस्त बॅग काढू. पातळ कापड मागवलं, खिसे कमी केले, बारटॅक काढून टाकलं. शिवायला बसलो तर कापड सुईखाली गोळा व्हायला लागलं. जाड कापडाची सवय असलेल्या आमच्या मशिनी त्या कापडावर नीट चालेनात. तरी कसाबसा एक लॉट काढला आणि मी स्वतः सॅम्पल घेऊन जिंतूरला गेले.

शेठजींनी बॅग उलटीपालटी केली. किंमत विचारली. ती तरीही मार्टपेक्षा जास्त होती.

"मॅडम, एक सांगू का?" ते म्हणाले. "ह्याला तुमचं नाव नका लावू."

एसटीत बसून परत येताना मी ती बॅग मांडीवर घेतली होती. शेजारच्या बाईंनी कौतुकाने विचारलं, लेकरासाठी घेतली का. मी हो म्हटलं.

मे महिन्यात काम इतकं कमी झालं की आम्ही अर्ध्या दिवसाची पाळी केली. गजानन नावाचा आमचा चांगला शिलाई कारागीर एके सकाळी आला आणि म्हणाला, पुण्याला सीट कव्हर शिवायच्या कंपनीत मेहुण्याने बोलून ठेवलंय, मी जातो. मी थांब म्हणू शकले नाही. काय म्हणून थांबवणार? आणखी एक बाई घरी बसल्या. मोजणी झाल्यापासून सगळ्यांना अंदाज होता. कुणी विचारत नव्हतं, हेच मला जास्त लागत होतं. डबा खाताना आधी मोठ्याने गप्पा चालायच्या. आता नुसती भांडी वाजायची.

शाळा उघडल्या. थोडाफार माल गेला, पण जुन्या ओळखीवर. एवढ्यावर वर्ष निघणार नव्हतं. मी दुसरा उपाय धरला. मार्टशी भांडता येत नाही तर मार्टलाच माल विकावा. जुलैत मी चांगली दोन सॅम्पलं घेतली आणि मार्टच्या मॅनेजरला भेटायला गेले.

मॅनेजर वानखेडे नावाचे, अकोल्याकडचे, वयाने माझ्यापेक्षा बरेच लहान. बोलायला सभ्य. सॅम्पल बघून म्हणाले, "मॅडम, बॅग छान आहे. पण परचेस सगळं हेड ऑफिसला होतं. मला इथे स्वतःच्या अधिकारात कोथिंबीरसुद्धा घेता येत नाही."

"मग हेड ऑफिसला कुणाला भेटू?"

"फॉर्म ऑनलाइन भरा. उत्तर येईल." मग म्हणाले, "खरं सांगू? येत नाही."

मी सॅम्पल पिशवीत घालायला लागले. तेवढ्यात बाहेर काउंटरवर आवाज चढला. एक गृहस्थ मुलाचं दप्तर घेऊन आले होते. पट्टा तुटलेला.

"महिना बी झाला न्हाई," ते काउंटरवरच्या मुलीला सांगत होते. "पोरगं दप्तर डोक्यावर घेऊन घरी आलं. मी मागच्या वेळेस बी बदलून नेली. ही दुसरी हाय."

वानखेडे उठून गेले, माफी मागितली, नवी बॅग दिली आणि तुटलेली आत घेऊन आले. केबिनच्या मागे जाळीचा एक मोठा पिंजरा होता. त्यात त्यांनी ती फेकली. पिंजरा दप्तरांनी भरलेला होता. निळी, गुलाबी, मोटारीची, बाहुलीची. काही बाहेर ओघळली होती.

मी विचारलं, "ही सगळी परत आलेली?"

"सगळी. पुस्तकं वाटली, वह्या भरल्या, ओझं वाढलं, आणि सुरू झालं. पट्टा नाहीतर चेन." ते खुर्चीत बसले. "एकाला बदलून दिली की पंधरा दिवसांनी तोच परत. बाकीचे बरेच जण नाव-नंबर लिहून बदलीची वाट बघतायत."

"मग कंपनीला परत पाठवा ना."

ते हसले. "मॅडम, हा माल कंटेनरने आलाय. जहाजाने आलेला माल जहाजाने परत जात नाही. जाण्याचा खर्च मालापेक्षा जास्त. आम्हीच नुकसान सोसतो आणि भंगारात देतो."

मी पिंजऱ्याकडे बघत राहिले. आमच्या शेडमधलं बारटॅकचं मशीन तेव्हा कापड टाकून झाकून ठेवलेलं होतं, कारण त्याला काम नव्हतं.

"वानखेडे, जे थांबलेत त्यांच्या थोड्या मला द्या," मी म्हटलं. "दुरुस्त करून आणते. मग बघा."

"दुरुस्त करून काय करू? जुना माल विकता येत नाही."

"विकू नका. ज्याची त्याला परत द्या. दुसरी बॅग द्यायचीच कशाला? आठवड्यात पक्की करून देतो म्हणा. तुमची नवी बॅग वाचेल आणि त्याची बॅग परत तुटणार नाही."

मग फोन उचलून त्यांनी त्यांच्या रिजनल मॅनेजरला लावला. त्या बाई औरंगाबादला बसतात. त्यांचा आवाज मला इकडेपर्यंत ऐकू येत होता. त्यांनी फार थोडे प्रश्न विचारले. किती दिवस लागतील, बिल देतात का, क्वालिटीची जबाबदारी कुणाची. शेवटी म्हणाल्या, एक ट्रायल लॉट द्या. त्यातली एक जरी बॅग त्याच जागी परत तुटली तर विषय बंद.

मी टेम्पो बोलावला.

शेडमध्ये पोती ओतली तेव्हा सगळे गोळा झाले. रज्जाकभाईंनी ढिगाकडे पाहिलं आणि चष्मा काढून पुसला.

"मॅडम, हे काय आनलं?"

मी सांगितलं.

त्यांचा चेहरा उतरला. "मैं नवा माल बनानेवाला आदमी हूँ," ते म्हणाले. रागावले की ते दखनीवर येतात. "ज्यांच्यामुळं आपलं काम गेलं, त्यांच्याच फाटक्या बॅगांना थिगळं लावायची? मेरे से नै होता."

त्यांचं चुकत नव्हतं. सुमनबाई खाली बसल्या, एक बॅग उचलली, आत हात घातला आणि वाळलेला पोळीचा तुकडा बाहेर काढला. नंतर दोन गोट्या आणि तुटलेली पट्टी.

"भाई," त्या म्हणाल्या, "हे दप्तर मार्टचं न्हाई. कुन्यातरी लेकराचं हाय. त्याच्या बापानं पैशे मोजून घेतलंय. फाटलं तर शिवायचं. घरी बसून तरी काय करनार हावोत आपन?"

रज्जाकभाईंनी बारटॅकच्या मशिनीवरचं कापड काढलं आणि घडी घालून बाजूला ठेवलं.

काम वाटलं त्यापेक्षा अवघड निघालं. नवं दप्तर शिवताना आपण सपाट कापडावर काम करतो. शिवलेल्या दप्तराचा पट्टा पक्का करायचा तर आधी आतलं अस्तर उसवावं लागतं, शिलाई घालायची, मग अस्तर परत बंद करायचं. शिवाय बॅगा मळलेल्या. शाई सांडलेली, भाजीचं तेल लागलेलं. एकीला धुतलं तर रंग निघून बादली निळी झाली. तेव्हापासून ओल्या फडक्याने पुसायचं ठरलं. सुमनबाई एकेका बॅगेत सापडलेल्या वस्तू प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्याच बॅगेला बांधत होत्या. गोट्यासुद्धा.

दोन दिवसांत पट्ट्यांची सवय झाली. पण चेनचं अडलं. आमच्याकडचे रनर त्या चेनला बसेनात. प्रत्येक चेनच्या दातांचं माप वेगळं असतं, आणि रनर त्याच मापाचा लागतो. आमचे मोठे होते, सैल पडायचे. परभणीच्या बाजारात त्या मापाचे मिळेनात. नांदेडला फोन केला, तिथेही नाही. मी वानखेड्यांना आठवडा सांगून बसले होते.

रज्जाकभाईंनीच विचारलं, "हैदराबादला बघू का? माझा साडू तिथं चेनच्या होलसेलवाल्याकडं कामाला हाय." पहिल्यांदाच ते या कामाबद्दल आपणहून बोलले. मी उसवलेली एक चेन कागदात गुंडाळून ट्रॅव्हल्सवाल्याकडे दिली. साडूने मापाचे रनर शोधले आणि पुढच्याच गाडीने पाठवले.

पार्सल उघडलं. रनर बरोबर बसले, आणि बॅगेतल्यापेक्षा जडही होते. रज्जाकभाईंनी डबा फिरवून त्यावरची बारीक अक्षरं वाचली. मग माझ्याकडे दिला. रनरही बाहेरच्याच देशातले होते. ज्या देशातून बॅग आली, त्याच देशातले.

"म्हंजे चांगलं बी बनवतेत ते लोक," रज्जाकभाई म्हणाले. "पैशे देनाऱ्यावर हाय."

मी डब्यातला एक रनर उचलून पुढच्या चेनला लावला.

लॉट वेळेवर गेला. देण्याआधी मी प्रत्येक बॅगेत कापडाचे गठ्ठे भरून, पट्टा टिकतो का ते बघायला, ती हुकाला लटकवली होती. वानखेड्यांनी लोकांना फोन करून बॅगा परत दिल्या. आणि मग वाट बघणं सुरू झालं.

हे दिवस मला सगळ्यात जड गेले. काम संपलं होतं, नवं आलं नव्हतं. अप्पा केबिनमधून बाहेर यायचे, ढीग होता त्या रिकाम्या जागेकडे बघायचे आणि आत जायचे. मार्टच्या गोडाऊनवाल्यांचा करार त्यांच्या टेबलावर सहीसाठी पडून होता. त्यांनी सही केली नव्हती, पण फाडलाही नव्हता. मी फोन सतत हाताशी ठेवत होते. एकदा वानखेड्यांचा आला, तर ते म्हणाले, आमच्याकडे तांदळावर ऑफर आहे, स्टाफला सांगा.

सगळीकडे पोळ्याची तयारी चालू होती तेव्हा त्यांचा परत फोन आला. मी कटिंग टेबलापाशी उभी होते. मशिनी थांबल्या, कारण सगळ्यांना माझा चेहरा वाचता येतो.

"मॅडम, एक अडचण आहे," ते म्हणाले.

मी टेबल धरलं. "किती परत आल्या?"

"परत? नाही, एकही नाही आली. अडचण वेगळीच आहे. रिजनल मॅडमनी नांदेड, हिंगोली आणि लातूरच्या स्टोअरला सांगून टाकलंय. त्यांचे पिंजरे माझ्याकडे पाठवायला लागलेत. माझ्याकडे ठेवायला जागा नाही. माल उतरवून आमचा ट्रक तसाही रिकामा परत जातो, तो तुमच्याकडे वळवू का?"

मी वळवा म्हटलं. फोन ठेवून खाली बसले. सुमनबाईंनी पाण्याचा तांब्या आणून दिला आणि विचारलं, "येतंय का काम?" मी मान डोलावली. त्या मशिनीवर जाऊन बसल्या आणि रिकामंच पॅडल मारून पाहिलं.

अप्पा दारात उभे होते. मी त्यांना सांगितलं. ते तिथेच उभे राहून म्हणाले, "बरं झालं." मग आत गेले आणि बऱ्याच वेळाने कुणालातरी फोनवर सांगताना ऐकू आले, "पूर्न शेड न्हाई मिळायची. पुढचा अर्धा भाग पायजे असंल तर बोला."

मार्टवाल्यांनी अर्धा भाग घेतला. आज शेडच्या मधोमध पत्र्याची भिंत आहे. पुढच्या अंगाला त्यांचं गोडाऊन, मागच्या अंगाला आम्ही. एकच गेट. एका ट्रकमधून त्यांच्या नव्या बॅगा उतरतात आणि त्याच ट्रकमधून तुटलेल्या आमच्याकडे येतात. बॅगांनंतर त्यांनी प्रवासाच्या ट्रॉल्या पाठवल्या, रेनकोट पाठवले, घडीच्या खुर्च्यांची कापडं पाठवली. शिवायचं ते सगळं येतं. अप्पांना भाडंही मिळतं आणि कारखानाही चालतो. अर्ध्या दिवसाची पाळी गेली. घरी बसलेल्या बाई परत आल्या. गजाननला मी फोन केला. तो म्हणाला, इकडे बरं चाललंय मॅडम, पोरांची शाळा लागलीय, आता नको. एक चांगला कारागीर गेला तो गेलाच.

नवी दप्तरं आम्ही अजून शिवतो, पण थोडी. जिंतूरचे शेठजी घेतात, दोन-तीन आश्रमशाळा घेतात. रज्जाकभाई ती स्वतः कापतात, कुणाला हात लावू देत नाहीत. दुरुस्तीचं काम त्यांना अजूनही मनापासून आवडत नाही, पण नवीन आलेल्या दोन मुलींना बारटॅक तेच शिकवतात, आणि चुकलं की उसवायला लावतात.

परवा एमआयडीसीत उद्योजकांची मीटिंग होती. अप्पांनी मला पाठवलं. बाहेरून आलेल्या मालामुळे धंदे कसे बसले, यावर सगळे बोलत होते. त्यात खोटं काही नव्हतं. शेजारचे एक मोल्डिंगवाले बादल्या बनवायचे, त्यांनी मशीन विकलं. त्यांना दुरुस्तीचा रस्ता नव्हता. फुटलेली बादली कोण शिवणार? आम्ही हुशार होतो म्हणून वाचलो असं मी म्हणणार नाही. आमचा माल फाटणाऱ्या जातीचा होता, म्हणून वाचलो.

मला बोलायला सांगितलं तेव्हा मी एवढंच म्हटलं. स्वस्त मालाशी भावात लढायला जाऊ नका. मी गेले होते, आमचं नावही गेलं असतं. तो माल विकला गेल्यावर दोन महिन्यांनी कुठे जातो ते जाऊन बघा. तिथे काही काम पडलेलं असलं तर उचला. नसलं तर लवकर दुसरा धंदा बघा, आणि माणसांना आधी सांगा.

टाळ्या कमीच पडल्या. चहाच्या वेळी मात्र दोघातिघांनी येऊन मार्टच्या मॅनेजरचा नंबर मागितला.